जयंती विशेष : शिक्षा भोगून आलेल्या माणसावर कारखान्याची राखण सोपवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

पनवेल (वार्ताहर) : किर्लोस्कर हे नाव शेतकऱ्याला नवं नाही. विहिरीवरच्या पंपावर, शेडमधल्या इंजिनावर ते किती तरी वर्षं वाचलं जातंय. पण हे नाव ज्या माणसामुळे गावोगाव पोचलं, त्याची गोष्ट नव्या पिढीतल्या फार थोड्यांना माहीत आहे. त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची 20 जून ही जयंती.

आपल्या भागातली हजारो तरुण पोरं रोज सकाळी तळोजा, महापे, रबाळे, तुर्भे इथल्या कंपन्यांत कामाला जातात. सांगली-साताऱ्याकडून येऊन नवी मुंबईत राहिलेले कामगारही मोठ्या संख्येने आहेत. आज पुष्कळ कंपन्यांच्या गेटवर प्रामाणिकपणा, शिस्त, एकजूट असे शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात. हे शब्द कामगाराच्या अंगात उतरतात कसे, हा खरा प्रश्न. लक्ष्मणरावांनी शंभर वर्षांपूर्वी एका ओसाड माळावर त्याचं उत्तर करून दाखवलं.

चित्रकार व्हायचं होतं, झाले यंत्रमास्तर

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा. गाव गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर हेही त्याच गावचे. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या-पुराणांचं वातावरण, पण या पोराला शाळेच्या पुस्तकात रस नव्हता. त्याचा जीव चित्रं काढण्यात आणि यंत्रांची खटपट करण्यात.

थोरले भाऊ रामूअण्णा यांनी पाठिंबा दिला आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथं एक अडचण निघाली. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकाराला रंग कळले नाहीत तर तो करणार काय? पण लक्ष्मणराव गाव गाठून बसले नाहीत. रंगकाम सोडलं आणि यंत्रांची रेखाटनं काढायला शिकले. त्यात रंग लागत नाही, नजर आणि हात लागतो. पुढं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते यांत्रिक रेखाटन शिकवू लागले. वर्कशॉपमध्ये उभं राहून यंत्रांचं कामही त्यांनी तिथंच शिकून घेतलं.

तिथं त्यांना एक गोष्ट आयुष्यभर पुरली. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांचा हक्क होता, पण जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. कामात ते कमी नव्हते. साहेबाच्या राज्यात कातडीचा रंग बघितला जायचा. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

काम चोख करूनही माणसाला डावललं की आतून काय होतं, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. पुढं मालक झाल्यावर त्यांनी माणूस निवडताना जात, डिग्री, मागचा इतिहास यापेक्षा हाताकडं बघितलं. त्यामागं हा अनुभव असणार, असं त्यांचं सगळं आयुष्य बघितल्यावर वाटतं.

सायकलीपासून नांगरापर्यंत

बेळगावात भावाबरोबर सायकलींचा व्यवसाय होताच. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव 1888 पासूनचं. लक्ष्मणराव मुंबईत असताना तिथून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात विकायचे. त्या काळी सायकल म्हणजे मोठ्या लोकांची चैन. घेणाऱ्याला चालवायलाही शिकवावी लागे. ते कामही या भावांनी केलं.

पण दुसऱ्याचा माल विकण्यात लक्ष्मणरावांचं मन रमेना. एक छोटं वर्कशॉप टाकून त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग लोखंडी नांगर. आज आपल्याला लोखंडी नांगरात काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा शेतकरी लाकडी नांगर वापरत. लोखंड लागलं की जमीन विषारी होते, असा समज लोकांत घट्ट होता. नांगर तयार होऊन पडला, घ्यायला कुणी येईना. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली.

या दोन वर्षांत वर्कशॉपातल्या माणसांनी काय बघितलं असेल? माल पडून आहे, पैसा अडकलाय, तरी मालक शेतकऱ्याला अडाणी म्हणत नाही. आपला नांगर त्याला पटेल असा करायच्या मागं आहे. कामगार मालकाचं भाषण विसरतो, पण अडचणीच्या दिवसांत मालक कसा वागला हे विसरत नाही. माल विकला जात नसतानाही दर्जा सोडायचा नाही, ही सवय किर्लोस्करांच्या माणसांना तिथं लागली.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागलं तोवर दुसरं संकट आलं. वर्कशॉप होतं ती जागा बेळगाव नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी होती. जागा खाली करा, असा हुकूम आला. चालता कारखाना उचलून न्यायचा कुठं?

32 एकर माळ, निवडुंग आणि नाग

मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंधच्या देवळातल्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी केलं होतं, त्यातून ओळख घट्ट झालेली. राजेसाहेब स्वतः चित्रकार, गुणाची पारख असणारे. त्यांनी आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली आणि बिनव्याजी कर्जही दिलं.

जमीन म्हणायला जमीन. पाणी नाही, झाड नाही, सगळीकडं निवडुंगाची बेटं आणि नागांचा वावर. 10 मार्च 1910 रोजी इथं कामाला सुरुवात झाली. पंचवीसेक कामगार आपली बायका-मुलं घेऊन आले होते. आधी निवडुंग तोडायचा, साप हाकलायचे, मग राहायला आडोसा करायचा आणि त्यातच कारखान्याची शेड उभी करायची, असा तो प्रकार. यालाच पुढं किर्लोस्करवाडी नाव पडलं. कुंडल रोड हे स्टेशनही आज किर्लोस्करवाडी याच नावाने ओळखलं जातं. गाव सध्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येतं.

बेळगावसारखं शहर सोडून हे कामगार या माळावर का आले असतील? जास्त पगाराचं आमिष दाखवावं अशी मालकाची स्थितीच नव्हती. मालक स्वतः बायको-मुलांसह त्याच माळावर राहायला आला, हेच त्यांना पुरेसं वाटलं असावं. ऊन, वारा, पाण्याची ओढाताण मालकाच्या घरालाही तेवढीच होती.

रामूअण्णांनी वसाहतीची बाजू सांभाळली. घरं, जेवणाखाण्याची सोय, स्वच्छता, शाळा, पोस्ट हे सगळं हळूहळू उभं राहिलं. त्याच सुमारास टाटांनी जमशेदपूर वसवायला घेतलं होतं. इंग्लंडात चॉकलेट करणाऱ्या कॅडबरी कुटुंबाने कामगारांसाठी बोर्नव्हिल हे गाव आधीच उभं केलं होतं. पण टाटा-कॅडबरींकडं भांडवल होतं. किर्लोस्करांकडं उसना माळ आणि उसना पैसा.

मुंबईच्या गिरणीत त्या काळी कामगाराचं काय चाललं होतं तेही लक्षात ठेवायला हवं. आठवड्याला रविवारची एक सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, तेव्हा कुठं 10 जून 1890 रोजी ती मान्य झाली. कामगार म्हणजे यंत्राला जोडलेला हात, एवढाच हिशोब होता.

नापास पोरांची टोळी

लक्ष्मणरावांनी जमवलेली माणसं बघितली तर आजचा कुठलाही एचआरवाला कपाळाला हात लावेल. शंभूराव जांभेकर शाळेत नापास झालेले, पण यंत्र समोर आलं की त्याची नस ओळखणारे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण डोक्यात नवीन कल्पना सतत चालू. के. के. कुलकर्णी यांचंही शिक्षण अर्धवट, तरी कारखान्यातलं पडेल ते काम आणि व्यवस्था बघणारे. मंगेशराव रेगे कारकुनी करता करता सगळ्या हिशोबाचे प्रमुख झाले.

ही माणसं दुसरीकडं गेली असती तर दाखला बघूनच त्यांना परत पाठवलं असतं. इथं त्यांच्याकडं काम दिलं, चुका करायला वाव दिला आणि जबाबदारी वाढवत नेली. ज्याला जगाने नालायक ठरवलंय त्याच्यावर कुणी भरवसा टाकला, तर तो माणूस त्या भरवशाला जागण्यासाठी जिवाचं रान करतो. लक्ष्मणरावांनी हे ओळखलं होतं.

याच्याही पुढं त्यांनी एक पाऊल टाकलं, ज्याची चर्चा आजही होते. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कामावर घेतलं. तेही झाडलोटीला किंवा लांबच्या कोपऱ्यात नाही. रात्रीच्या पहाऱ्यावर! तुकाराम रामोशी हे त्यातलं सगळ्यात माहीत असलेलं नाव. दरोडेखोर म्हणून ज्याची दहशत होती, त्याच्यावर वाडीच्या राखणीची जबाबदारी दिली.

याची किंमत समजायची तर तो काळ बघावा लागेल. 1871 च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. उमाजी नाईकांच्या रामोशी समाजाकडं तर सरकार आधीपासून संशयानेच बघायचं. गावात चोरी झाली की आधी कुणाला पकडायचं हे ठरलेलं. अशा माणसाच्या ताब्यात झोपलेल्या गावाची राखण देणं म्हणजे जुगारच होता. आजूबाजूच्या लोकांना ते वेडेपण वाटलं असणार. पण ज्याच्यावर कुणीच विश्वास ठेवत नव्हतं, त्याने ठेवलेला विश्वास राखला.

त्याच औंध संस्थानात पुढं आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंती नसलेला तुरुंग सुरू झाला. व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ हा सिनेमा त्या प्रयोगावरून सुचला. कैद्यावर विश्वास टाकायची ही हिंमत त्या मातीत होती, आणि किर्लोस्करवाडीत ती त्याआधीच सुरू झालेली.

वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा नियम होता. 1910 च्या आसपासची ही गोष्ट आहे. गावागावात पाणवठे वेगळे, वस्त्या वेगळ्या असताना एक ब्राह्मण कारखानदार आपल्या वसाहतीत हे करतो, तेव्हा त्याला आपल्याच लोकांचा रोष पत्करावा लागतो. नुसतं फलकावर समता लिहिणं सोपं. पाण्याच्या जागी, शेजारच्या घरात ती आणणं अवघड.

तोफांचे नांगर

1914 ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगर यायचे बंद झाले, त्यामुळं देशी नांगराला मागणी वाढली. पण लोखंड आणि दगडी कोळसाही मिळेना. तेव्हा लोखंड वितळवायला लाकडी कोळसा वापरून बघितला गेला. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा लोखंडासाठी दिल्या. लढाईच्या तोफा वितळल्या आणि शेतकऱ्याचे नांगर झाले.

अशा वेळी कामगाराला काम का करतोय हे वेगळं समजवावं लागत नाही. आपल्या हातून निघालेला नांगर कुणाच्या तरी रानात जाणार, ढेकळं फोडणार, हे त्याला दिसत होतं. त्यातले बरेच जण शेतकऱ्याघरचेच. शाळा अर्धवट सोडलेल्या पोराने केलेली वस्तू विलायती मालाच्या जागी वापरली जाते, हा अभिमान पगारपत्रकावर लिहिता येत नाही.

15 जानेवारी 1920 रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी रीतसर स्थापन झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर सुरू केली. कारखान्याची माहिती देणारं हे पत्रक पुढं किर्लोस्कर मासिक म्हणून महाराष्ट्रभर वाचलं गेलं. 1930 ला स्त्री आणि 1934 ला मनोहर ही मासिकंही याच माळावरून निघाली. ओतकामाच्या भट्टीशेजारी छापखाना, असं गाव दुसरं शोधून सापडणार नाही.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून 1926 ला परतले आणि वाडीतच कामाला लागले. नांगर, चरक, भुईमूग फोडायचं यंत्र, पंप असा पसारा वाढत गेला. 1930 च्या आसपास जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याकडं नांगर घ्यायला पैसे उरले नाहीत. तेव्हा कारखान्याने लोखंडी फर्निचर बनवायला घेतलं. भट्टी आणि लेथ थांबू द्यायचे नाहीत, नवीन काम शोधायचं, हा वाडीचा स्वभाव झाला होता.

आग

या गोष्टीत एक कडू पान आहे. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला, जातीने ब्राह्मण. त्याचा राग पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर निघाला. त्या आगीत किर्लोस्करवाडीही सापडली. कारखाना पेटवला गेला.

लक्ष्मणराव तेव्हा वयाच्या 79 व्या वर्षात होते. ज्याने आपल्या वसाहतीत शिवाशिव चालू दिली नाही, ज्याने टाकलेल्या माणसांना जवळ केलं, त्याचाच कारखाना जातीच्या रागात जळला. चांगलं वागलं म्हणजे संकट येत नाही, असं काही नसतं.

तरी वाडी संपली नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला, आजही तिथं पंप तयार होतात. शेड जळते, लाकूड-सामान जळतं. पण अडतीस वर्षं माणसांच्या हातात मुरलेलं कसब आणि आपण हे पुन्हा करू शकतो ही खात्री जळत नाही. निवडुंगाच्या माळावर एकदा उभं केलेलं गाव दुसऱ्यांदा उभं करणं त्या माणसांना अशक्य वाटलं नाही.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. त्यांच्या जन्मशताब्दीला, 20 जून 1969 रोजी, भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

आजच्या कंपनीने काय घ्यावं?

किर्लोस्करवाडी म्हणजे स्वर्ग होता, असं समजायचं कारण नाही. मालकाच्या जमिनीवर घर, मालकाचीच शाळा, मालकाचाच नियम. मालक चांगला निघाला म्हणून निभावलं. तसा नसता तर कामगाराने दाद कुणाकडं मागायची? तेव्हा आजच्यासारखे कायदे नव्हते. कारखाना कायदा आणि कामगार विमा कायदा 1948 चा, भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा. आज पीएफ, विमा, ठरलेले तास हा कामगाराचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नाही. हा हक्क बुडवून मूल्यांचे वर्ग घेणाऱ्या कंपनीला लक्ष्मणरावांचं नाव घ्यायचा अधिकार नाही.

पण कायदा हजेरी लावून देतो, मन लावून देत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात असो की तळोजात, एकाच मशीनवर दोन पोरं काम करतात. एक कंपनीचा, दुसरा ठेकेदाराचा. काम तेच, ओळखपत्राचा रंग वेगळा, कॅन्टीनमधली वागणूक वेगळी. अशा पोराला वर्षातून एकदा सभागृहात बसवून एकजुटीवर भाषण दिलं, तर तो टाळ्या वाजवेल आणि विसरून जाईल. डावललं गेल्यावर लक्ष्मणरावांनीही नोकरी सोडली होतीच.

त्यांच्या आयुष्यातून चार गोष्टी सरळ निघतात. माणूस घेताना दाखल्याबरोबर त्याचा हातही बघावा. जबाबदारी आधी द्यावी, म्हणजे विश्वास कमवायची संधी मिळते. जे नियम कामगाराला, ते मालकालाही असावेत. आणि आपण बनवतो ती वस्तू कुणाच्या उपयोगाला येते, हे शेवटच्या हेल्परलाही माहीत असावं.

हे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाही. आपल्या गावात फॅब्रिकेशनचं दुकान आहे, वीटभट्टी आहे, भात गिरणी आहे, नर्सरी आहे, पोल्ट्री आहे. तिथंही चार-दोन माणसं कामाला असतात. शाळा सुटलेलं एखादं पोरगं असतं, ज्याला सगळे वाया गेलेलं म्हणतात. त्याच्याकडं गल्ल्याची किंवा गोदामाची किल्ली देऊन बघायला भांडवल लागत नाही. थोडी धास्ती वाटते, एवढंच. ती लक्ष्मणरावांनाही पहिल्या रात्री वाटली असेल.